रहाळकरकाकांचा एक आठवडा

रहाळकरकाकांचे सण तिथीने येत नसत, हॉलने येत. मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत नवी होते, नागपूर सोडून दोन महिनेही झाले नव्हते. पाडव्याच्या आदल्या दिवशी घरची इतकी आठवण आली, की मराठी मंडळाच्या वेबसाइटवरून नंबर शोधून मी फोन लावला आणि पाडवा कधी आहे म्हणून विचारलं. पलीकडून शाळामास्तरांसारखा संथ आवाज आला, "येता शनिवार सोडून पुढचा शनिवार. दुपारी अडीच. पार्किंग मागच्या बाजूला." मी म्हटलं, "काका, पाडवा उद्या आहे. मंगळवारी." "तो तिथीने," काका म्हणाले. "आपला हॉलने."

माझं तोंड पहिल्यापासून असंच. पटलं नाही की गप्प बसवत नाही. "मग उद्या आम्ही काय उपास करायचा का?" असं मी बोलून गेले. तोच संथ आवाज म्हणाला, "उद्या संध्याकाळी जेवायला ये. पत्ता लिहून घे." गेले तर मागच्या डेकवर बर्फ अजून वितळलेला नाही, आणि त्या बर्फात रेशमी खणाची गुढी उभी. काकांच्या बायकोनं, नलिनीकाकूंनी, साडीवर स्वेटर चढवून श्रीखंड-पुरी वाढली. "मंडळाचा पाडवा यांचा, घरातला माझा," त्या म्हणाल्या. काका मान खाली घालून पुरी खात होते. त्या घरी मी पुढे सोळा-सतरा वर्षं जात राहिले.

सुधाकर रहाळकर औषधांच्या कंपनीत क्वालिटीच्या खात्यात होते. तिथून रिटायर झाले, पण मंडळाचं हॉल-बुकिंग त्यांनी सोडलं नाही. मिडल स्कूलचं ऑडिटोरियम मिळवायचं म्हणजे किती फॉर्म, कसला विमा, रखवालदाराची वेळ, स्वयंपाकघर वापरायची वेगळी परवानगी. हे सगळं त्यांना तोंडपाठ. "तारीख येत नसते पोरी, तारीख घ्यावी लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेचं नाटक असलं तर संक्रांत फेब्रुवारीत जायची. भारतात विसर्जन होऊन लोक कामाला लागले, की आमचा गणपती यायचा. स्वतःच्या वडिलांचं श्राद्धसुद्धा काका जवळच्या रविवारी करत. "वडील समजूतदार होते," म्हणत. आम्ही मागे हसायचो. पण परमुलखात तीनशे माणसांना एका छपराखाली बसवून पुरणपोळी खायला घालायची, तर कुणीतरी ते फॉर्म भरायलाच हवेत. ते भरायला आमच्यापैकी कुणी पुढे आलं नव्हतं, हेही खरं.

एकदा तर त्यांनी आवळीभोजन हॉलमध्ये घेतलं. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली पंगत बसते, ते आवळीभोजन. न्यू जर्सीत आवळा कुठला आणायचा? काकांनी शाळेच्या ऑफिसातून एका फायकसच्या झाडाची कुंडी उचलून आणली आणि कॅफेटेरियाच्या मधोमध ठेवली. ते झाड प्लास्टिकचं निघालं. लोकांनी मजेत फोटो काढले. नलिनीकाकूंनी सगळ्यांना वाढलं, स्वतः मात्र ताट घेतलं नाही. मी आग्रह करायला गेले तर शांतपणे म्हणाल्या, "मी नाही बाई प्लास्टिकखाली जेवत. झाडाखाली जेवायचं असतं ते झाडासाठी." घरी जाऊन त्यांनी दूध-पोहे खाल्ले.

काकू लायब्ररीत अर्धवेळ काम करत. तिथल्या एका जपानी सहकारी बाईंनी त्यांना चेरीच्या बहराबद्दल सांगितलं होतं. त्यांच्याकडे माणसं झाडं बघून पुढे जात नाहीत, चटई टाकून झाडाखाली बसतात, डबा उघडतात, दिवस घालवतात. काकूंनी तेव्हापासून ध्यास घेतला. "म्हणजे आपलं आवळीभोजनच की ते! तिथे जायचं आपण," त्या म्हणायच्या. काकांचं उत्तर तयार असे. "नुअर्कच्या बागेत तीच झाडं आहेत. अर्ध्या तासावर. पार्किंगही मिळतं." काकू म्हणत, "तिथे लोक गाडीतून जातात आणि गाडीतूनच बघतात. मला खाली बसायचंय."

अडचण अशी, की चेरीचा बहर आणि पाडवा एकाच सुमाराला येतो. पाडव्याचा कार्यक्रम म्हणजे मंडळाचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, आणि तो काकांशिवाय होणं शक्य नाही, असं काकांना वाटे. त्यामुळे दर वसंतात "यंदाचं एवढं होऊ दे, पुढच्या वर्षी नक्की" असं व्हायचं. मधे मुलाची, निखिलची, कॉलेजची ॲडमिशन आली, पुतण्याचं लग्न आलं, मग ती महामारीची दोन वर्षं आली. काकू भांडत नसत. फक्त एकदा मला पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "यांना सांग, झाडाला स्कूल डिस्ट्रिक्टचा फॉर्म भरता येत नाही."

मग काकूंना कॅन्सर झाला. ओव्हरीचा. पहिल्या वेळी बरा झाला असं म्हणाले, दीड वर्षानं परत आला. दर तीन आठवड्यांनी केमो सुरू झाली. जानेवारीतल्या एका शनिवारी काका माझ्या दारात उभे. मोबाइलवर कॅलेंडर उघडलेलं. "केमोच्या दोन सायकलच्या मधे दहा दिवस मिळतायत," ते म्हणाले. "पाडवा मंडळातले देशमुख बघतील. व्हीलचेअर लागेल, मला एकट्याला जमणार नाही. तुझं ग्रीन कार्ड आलंय ना आता? तू चल." चौदा वर्षांत काका माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागत होते. मी ऑफिसात सुट्टी टाकली, न्यूयॉर्कला जाऊन जपानचा व्हिसा काढला. निखिल बॉस्टनला असतो. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, तो येऊ शकत नव्हता. त्याला हा बेतच मान्य नव्हता. "नेक्स्ट इयर जा ना, आई. व्हेन यू आर स्ट्राँगर," तो फोनवर म्हणत राहिला. काकू "हो रे, हो रे" म्हणत बॅग भरत राहिल्या. छोटा राइस कुकर, मेतकूट, लिंबाचं लोणचं.

आम्ही क्योटोला पोचलो आणि एकही फूल नव्हतं.

थंडी त्या वर्षी रेंगाळली होती. नदीकाठी ओळीनं झाडं, काळ्या फांद्या, त्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या. काका रोज सकाळी हॉटेलच्या काउंटरवर जात. तिथली मुलगी वाकून नमस्कार करी आणि फोनवर बहराचा नकाशा दाखवी. दहा दिवसांतले चार गेले, सहा गेले. नकाशावरची तारीख पुढेच सरकत होती. इतकी वर्षं शाळेच्या रखवालदाराला मनवणारा माणूस त्या मुलीला विचारत होता, "दुसऱ्या एखाद्या बागेत लवकर उमलत नाहीत का?" ती बिचारी खजील होऊन माफी मागे, जणू काही तिनंच उशीर केला होता. आम्ही देवळं पाहिली, खोलीवर भात शिजवून खाल्ला. मला काकांची कीवही येत होती आणि रागही. इतकी वर्षं का थांबलात, असा जाब विचारावासा वाटे, पण काकूंसमोर कसा विचारायचा? काकू खुर्चीत शाल गुंडाळून बसलेल्या असत.

आठव्या दिवशी दुपारी नदीकाठच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. परतीचं विमान रविवारचं होतं, केमो मंगळवारी. काउंटरवरच्या मुलीनं सकाळी सांगितलं होतं, बहर पुढच्या गुरुवार-शुक्रवारकडे. काका घसा खाकरून म्हणाले, "नलू, पुढच्या वर्षी येऊ. मी तारखा नीट बघून घेईन." मीही री ओढली, "हो काकू, पुढच्या वर्षी तुम्ही चालत याल बघा." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "वैशाली, तू तरी खोटं बोलू नकोस," म्हणाल्या. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

मग त्या काकांना म्हणाल्या, "मला थांबायचंय. एक आठवडा."

"केमो आहे नलू."

"पुढे ढकला. तुम्ही आयुष्यभर सगळं पुढे ढकललंत. हे एक माझ्यासाठी ढकला."

हे त्या टोचून बोलल्या नाहीत. मीठ मागावं तशा बोलल्या. काका "ते ढकलायचं नसतं गं," एवढंच म्हणाले. सणांना शनिवारी बसवणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदा अशी तारीख भेटली होती, जिला हात लावायची त्यांना भीती वाटत होती.

रात्री, न्यू जर्सीत ऑफिस उघडायची वेळ झाल्यावर, त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला, काकूंना ऐकू यावं म्हणून. डॉक्टर म्हणाले, मी हा सल्ला देणार नाही. एखादा आठवडा इकडे-तिकडे होतो कधी कधी, पण तुमच्या बाबतीत मला तो व्हायला नकोय. तरी निर्णय तुमचा. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "थँक यू, डॉक्टर. वुई विल स्टे." फोन बंद झाला. काकांनी चष्मा पुसला, लॅपटॉप उघडला आणि तिकिटं बदलायला घेतली.

तेव्हाच काकूंनी आम्हा दोघांकडून शब्द घेतला. निखिलला कळता कामा नये की हट्ट आईचा होता. "त्याला वाटेल, आईला जगायचंच नव्हतं. ते तो आयुष्यभर उगाळत बसेल. त्यापेक्षा तुमच्यावर चिडू दे. बापावर चिडलेलं पोर आज ना उद्या परत येतं." काका "बरं" म्हणाले. मीही "बरं" म्हणाले. तेव्हा मला त्यात काही अवघड दिसलं नाही.

पुढच्या गुरुवारी ऊन पडलं आणि शुक्रवारी झाडं फुलली. एका दिवसात. मी वर्णन करत बसत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मी सांगते ते काकूंचं. काकांनी स्वस्त वस्तूंच्या दुकानातून निळं प्लास्टिकचं अंथरूण आणलं. काकूंना खाली बसवलं, पण त्यांची पाठ धरेना. तेव्हा काका त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले. तसे ते साडेतीन-चार तास बसले होते. काकूंनी मेतकूट-भात खाल्ला, लोणचं खाल्लं, मग परत भात मागितला. कित्येक महिन्यांत त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. शेजारच्या अंथरुणावर एक म्हातारं जोडपं होतं, त्यांनी पानात गुंडाळलेली गुलाबी मिठाई दिली. काकूंनी त्यांना लोणचं दिलं. त्या आजोबांचा चेहरा आंबटानं असा झाला की काकू हसल्या, अगदी खोकला येईपर्यंत. काकांचं तोंड पलीकडे होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा काकूंना दिसत नव्हता. मला दिसत होता. ते रडत होते आणि पाठ हलू नये म्हणून जपत होते.

"आज जेवले," काकू म्हणाल्या. बस. त्या दिवसाबद्दल त्या एवढंच बोलल्या.

केमो आठ दिवस उशिरा झाली. मेमधला स्कॅन वाईट आला. ऑगस्टमध्ये काकू गेल्या. त्या आठवड्यानं काही फरक पडला का? डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, बहुधा नाही, पण छातीठोक सांगता येणार नाही. त्या "बहुधा"नं पुढे काकांना पोखरून काढलं.

फ्युनरल होममधून आल्यावर निखिल स्वयंपाकघरात बापासमोर उभा राहिला. शांत पोरगा, आवाज चढवणारा नव्हे. "बाबा, यू डिलेड हर केमो," तो म्हणाला. "फॉर फ्लॉवर्स." काका म्हणाले, "हो." "तुम्ही आयुष्यभर तिला वेट करायला लावलंत, आणि वन टाइम जेव्हा वेट करायचं नव्हतं…" काका परत "हो" म्हणाले. मी सिंकपाशी कप विसळत होते. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी नळ मोठा सोडला.

काकूंचा अंदाज चुकला. चिडलेलं पोर परत आलं नाही. दर रविवारी पाच मिनिटं फोन यायचा. औषधं घेतली का, फर्नेसचा फिल्टर बदलला का. सप्टेंबरात त्याला मुलगी झाली, काकांनी नातीला फोनच्या पडद्यावर पाहिलं. बॉस्टन साडेचार तासांवर, पण "या" असं कुणी म्हणालं नाही आणि "येऊ का" असं काकांनी विचारलं नाही. मंडळाचं काम त्यांनी सोडलं. मी डबा घेऊन जायची तेव्हा अंधारात बसलेले असत. मी चिडून म्हणायची, "काका, एक फोन करा त्याला आणि सांगून टाका." ते म्हणत, "तिनं माझ्याकडे आयुष्यात दोन गोष्टी मागितल्या. एक द्यायला मी वीस वर्षं लावली. दुसरी तरी नीट सांभाळू दे."

मी डबा ओट्यावर ठेवून निघायची. दुसरा पाडवाही तसाच गेला. मग त्यांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली, पायाला सूज, दोनदा हॉस्पिटल. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी निखिलचा मला फोन आला. बाबांना पार्सिपनीतच एखाद्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे देखभालीच्या वृद्धाश्रमात, ठेवायचं म्हणत होता, मी बघून येईन का विचारत होता. मी म्हटलं, "तुझ्याकडे का नेत नाहीस?" तो म्हणाला, "वैशालीताई, आय कान्ट. मी त्यांच्याकडे बघितलं की मला तो वीक दिसतो."

मी सांगितलं. सगळं. बाकावरचं, डॉक्टरांच्या फोनवरचं, आई काय म्हणाली ते, तिनं दोनदा भात घेतला ते, आणि पलीकडे तोंड करून बाप कसा बसला होता तेही. माझं संपेपर्यंत त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "व्हाय डिडन्ट ही जस्ट से सो?" मी म्हटलं, "कारण तिनं नको म्हटलं होतं. बाकी काही कारण नाही रे."

दुसऱ्या दिवशी सगळी अमेरिका टर्की भाजत असताना निखिल बायको-मुलीला घेऊन पार्सिपनीत दाखल झाला. आत काय झालं मला माहीत नाही, मी गेले नाही. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. तोच पहिल्या दिवशीचा संथ आवाज. "वैशाली, तू हे बरं केलं नाहीस." मी म्हटलं, "काका, मला दुसरं काही सुचलं नाही." त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. डबा दारात ठेवला तर दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून, तिथेच ठेवलेला असायचा. मला फार लागलं ते. माझे वडील लहानपणीच गेले, काका मला काय होते ते मी लिहीत नाही. पण त्या घरासमोर आता दर शनिवारी मॅसॅच्युसेट्सच्या नंबरप्लेटची, निखिलची, गाडी उभी असे, आणि मी पलीकडच्या वळणावरून ती बघून घरी यायची.

मार्चमध्ये निखिल त्यांना बॉस्टनला घेऊन गेला. तिथे ते पाच महिने होते. नातीला मांडीवर घेऊन बसत, निखिल त्यांची दाढी करून देई. ऑगस्टमध्ये, मुलगा जवळ असताना, ते गेले.

मला मात्र आठवतो तो निघायचा दिवस. न राहवून मी प्रवासासाठी धपाटे करून घेऊन गेले. गाडी भरलेली, निखिल मुलीला कार सीटमध्ये बांधत होता. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते, खूप वाळले होते. मला वाटलं, डबा घेतील आणि तोंड फिरवतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोर परत आलं," ते म्हणाले. "तुझ्यामुळे आलं, हे मला कळतं. मी काही दगड नाही." त्यांना दम लागत होता. "पण आता वर गेलो की नलू भेटणार. ती पहिलं तेच विचारणार, दिलेल्या शब्दाचं काय झालं म्हणून. तिला मी काय सांगू, वैशाली?"

मी धपाट्यांचा डबा त्यांच्या हातात ठेवला. खालून निखिलनं हाक मारली, "बाबा, चला," आणि तो पायऱ्या चढून वर आला. काकांनी त्याच्या खांद्याला धरलं आणि एकेक पायरी मोजत उतरले. मी शब्द मोडला नसता तर तो खांदा तिथे नसता, हे मी स्वतःला रोज सांगते. काकांनी विचारलं त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.